ड्राफ्टमध्ये कुठला लाइनबॅकर घ्यावा यावर वाद घालायचाय? मग हे वाचा

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नवीन नवीन बघायला लागलेली आपली बरीच मंडळी एप्रिल महिन्यात ड्राफ्ट आला, म्हणजे टीमनी कॉलेजची पोरं निवडायची वेळ आली, की बावचळतात. सुपर बोल म्हणजे फायनल होऊन दोन महिने झालेले असतात, मॅच एक पण नसते, आणि तरी जुने फॅन कॉलेजच्या पोरांची नावं घेऊन तावातावाने भांडत असतात, हा घ्या, तो नको, लाइनबॅकरवर पहिला राउंड घालवू नका वगैरे. पिट्सबर्गला नाहीतर न्यू जर्सीला शिकायला, नोकरीला गेलेल्यांना तर हे जेवणाच्या टेबलवर रोज ऐकावं लागतं आणि मान डोलवण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलंय. मुद्दाम लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागचा खेळाडू) हीच पोझिशन घेतली, कारण चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, सगळ्यांनाच हवा असतो, त्यात वाद कसला, पण लाइनबॅकर किती महत्त्वाचा आणि त्याच्यासाठी किती मोजायचं यावर खुद्द टीमवाल्यांचंच एकमत नाहीये.

एक गोष्ट आधीच सांगते. "हा पोरगा चांगला आहे का" हा प्रश्नच नसतो, ड्राफ्टपर्यंत पोचलेले सगळेच चांगले असतात. प्रश्न तीन: कितव्या पिकवर (म्हणजे निवडीच्या नंबरावर), कुठल्या कामासाठी, आणि त्याच्याऐवजी कोण मिळत होता. हे तीन धरून ठेवलेत की समोरचा वीस वर्षांचा फॅन असला तरी तुम्हाला ऐकून घेईल.

ड्राफ्ट म्हणजे काय, पटकन

आयपीएलसारखा लिलाव नसतो. ३२ टीम, ७ राउंड, आदल्या सीझनला जी सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला आणि चॅम्पियनचा पहिल्या राउंडात शेवटी. या नंबराला पिक म्हणायचं. पिकची अदलाबदल चालते, म्हणजे विसाव्या नंबरची टीम वर सरकून दहावा घेऊ शकते, पण बदल्यात आणखी पिक द्यावे लागतात. गुरुवारी पहिला राउंड, शुक्रवारी दुसरा-तिसरा, शनिवारी बाकीचे. अमेरिकेत गुरुवारी रात्री आठला सुरू होतं म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०११ पासून नवीन पोराचा पगार पिकच्या नंबरावर ठरतो, तो कुठल्या पोझिशनला खेळतो यावर नाही. दहाव्या नंबरावर एज रशर (टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) घेतला काय आणि लाइनबॅकर घेतला काय, खर्च तोच. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही नक्की कुठल्या लाइनबॅकरबद्दल बोलताय?

अर्धी भांडणं इथेच फुकट जातात. यादीत दोन वेगळ्या कामाच्या लोकांना लाइनबॅकरच लिहिलेलं असतं. एक जण लाइनच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जातो, तो एज. दुसरा डिफेन्सिव्ह लाइनच्या चार-पाच यार्ड मागे मध्यभागी उभा राहतो, रन अडवतो, पासला मागे जातो, अधूनमधून ब्लिट्झ करतो म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जातो, तो ऑफ-बॉल लाइनबॅकर. हा लेख या दुसऱ्याबद्दल आहे.

पण पोरं एका कामातून दुसऱ्या कामात जातात आणि तिथेच मजा आहे. मायका पार्सन्स पेन स्टेटला ऑफ-बॉल खेळायचा, २०२१ ला काउबॉइजनी १२व्या पिकवर घेतला आणि बघता बघता तो एज रशरच झाला. त्याच वर्षी कार्डिनल्सनी तल्साचा झेवन कॉलिन्स १६व्यावर मधल्या जागेसाठी घेतला, पुढे त्याला पण एजला नेलं. आणि उलटं उदाहरण म्हणजे झॅक बॉन, विस्कॉन्सिनला एज होता, २०२० ला सेंट्सनी ७४व्यावर घेऊन चार वर्षं मुख्यतः स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणाऱ्या टोळीत) वापरला, मग २०२४ ला ईगल्सनी एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आणला, त्यांचे डिफेन्सचे कोच विक फँजिओनी ऑफ-बॉल उभा केला आणि पठ्ठ्या त्याच वर्षी फर्स्ट टीम ऑल-प्रो (लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत), वर सुपर बोलमध्ये समोरचा क्वार्टरबॅक महोम्सचा पास पण पळवला. म्हणून कुणाचंही नाव निघालं की पहिला सवाल हा टाका, टीम त्याला उभं कुठे करणार आहे?

माइक, विल, सॅम ही नावं पण ऐकाल. माइक मध्ये, सॅम साधारण टाइट एंडच्या (ब्लॉक करणारा आणि पासही घेणारा) बाजूला, विल दुसऱ्या बाजूला. पण हल्ली ऑफेन्स बहुतेक वेळ तीन रिसीव्हर घेऊन उतरतं, त्याला उत्तर म्हणून डिफेन्स पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे पास अडवणारा) आणतं, याला निकेल म्हणतात, आणि जागा करायला बाहेर जातो तो सॅम. म्हणजे बऱ्याच स्नॅपला (प्ले सुरू होताना) मैदानावर लाइनबॅकर दोनच. तेव्हा दोन चांगले असताना तिसऱ्यासाठी कोणी वरचा पिक मागत असेल तर त्याला शांतपणे विचारा, हा खेळणार कधी?

आपल्या टीमला कसला हवाय

टीमच्या साइटवर रोस्टर बघा, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय ते बघा, आणि हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका कोणाच्या आहे ते बघा. हिरवा ठिपकावाल्याच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो आणि तो बाकी दहा जणांना प्ले सांगतो. तो माणूस सोडून चाललाय आणि बदली कोणी नाही, तर ती खरी गरज.

मग समोरची फळी बघा, हे नवीन लोक हमखास विसरतात. लाइनबॅकर एकटा खेळत नाही. समोरचे डिफेन्सिव्ह टॅकल धिप्पाड असतील आणि ऑफेन्सच्या गार्डना (मधल्या ब्लॉकरना) गुंतवून ठेवत असतील तर मागचा लहान चणीचा पण चपळ लाइनबॅकर मोकळा धावतो. नकोबी डीन घ्या. २०२१ च्या जॉर्जियाच्या डिफेन्सचा कॅप्टन म्हणावा असा, कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरला मिळणारा बटकस अवॉर्ड त्याला, पण उंची कमी आणि दुखापतीची कुजबुज. त्या डिफेन्समधले पाच जण पहिल्याच राउंडात गेले आणि हा गेला ८३व्यावर, ईगल्सकडे. पण ईगल्सनी त्याच ड्राफ्टमध्ये १३व्यावर जॉर्डन डेव्हिस घेतला होता, म्हणजे कॉलेजला ज्याच्या मागे तो मोकळा धावायचा तोच डोंगर इथे पण त्याच्या पुढे. २०२४ ला तो बॉनच्या बरोबरीने स्टार्टर होता. हाच पोरगा पातळ लाइनच्या मागे टाकला असता तर प्रत्येक स्नॅपला तीनशे पौंडाचा गार्ड अंगावर, मग वेगळीच गोष्ट झाली असती असं मला वाटतं.

टेप बघा, आणि बॉलकडे बघू नका

याला वेळ द्या, बाकी सगळं वाचून पण मिळतं, हे मिळत नाही. हायलाइट्सचे व्हिडिओ बाजूला ठेवा, त्यात प्रत्येक जण हिरो दिसतो. एका पोराच्या तीन पूर्ण मॅच शोधा, एक रन करणाऱ्या दणकट टीमविरुद्धची, एक भरपूर पास टाकणाऱ्या टीमविरुद्धची, आणि एक अशी ज्यात त्याची टीम सपाटून हरली. मग स्नॅपच्या क्षणाला पॉज करा आणि फक्त त्याची पहिली दोन पावलं बघा.

उदाहरण देते. दुसरा डाउन (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला दुसरा), सहा यार्ड बाकी, ऑफेन्स काउंटर नावाचा रन खेळतंय. यात रनिंग बॅक मुद्दाम पहिलं पाऊल चुकीच्या बाजूला टाकतो, समजा डावीकडे, आणि त्याच वेळी डाव्या बाजूचा गार्ड आपली जागा सोडून लाइनच्या मागून उजवीकडे पळायला लागतो, कारण रन खरा उजवीकडे जायचाय. आता आपला लाइनबॅकर. रनिंग बॅककडे बघत असेल तर तो पण एक पाऊल डावीकडे टाकणार, मग थांबणार, मग वळणार, आणि तेवढ्यात गार्ड त्याच्या छातीवर आदळलेला असणार. गार्डकडे बघत असेल तर बॉल हातात पडायच्या आधीच तो उजवीकडे निघालेला असतो आणि रन दोन यार्डात खलास. कबड्डीत चांगला कव्हर डिफेंडर रेडरच्या हातवाऱ्याला भुलत नाही, पायाकडे बघतो ना, तसंच आहे हे. असे दहा-बारा रन बघितलेत की कोण वाचतोय आणि कोण अंदाजपंचे पळतोय ते आपोआप कळायला लागतं. पँथर्सचा लाइनबॅकर लूक किक्ली जो एवढा गाजला तो यामुळेच, समोरची टीम काय खेळणार ते स्नॅपच्या आधी ओरडून आपल्या लोकांना सांगायचा.

यानंतर प्ले-अॅक्शन बघा. क्वार्टरबॅक बॉल दिल्याचं नाटक करतो आणि लाइनबॅकर पुढे आला की त्याच्या मागे बारा-पंधरा यार्डांवर मोकळं मैदान पडतं, तिथे टाइट एंड आरामात पास घेतो. पुढे येणं हा गुन्हा नाही, सगळेच येतात. नाटक कळल्यावर किती पटकन वळतो ते बघा, आणि वळल्यावर नुसता क्वार्टरबॅककडे बघत मागे पळतो की मागून येणारा रिसीव्हर शोधतो ते बघा. पहिल्या प्रकारचे ढिगाने मिळतात, दुसऱ्या प्रकारचे पैसेवाले होतात. फ्रेड वॉर्नर बीवाययूला बराच वेळ बाहेरच्या बाजूला, स्लॉट रिसीव्हरच्या समोर खेळायचा, कव्हरेज ही त्याची जुनी सवय होती, आणि आज फोर्टीनाइनर्सचा तो जो काही आहे त्यात त्या सवयीचा मोठा वाटा आहे.

ब्लॉक अंगावर आल्यावर काय करतो ते पण बघा. काही जण हात पुढे करून गार्डला रोखून मग सुटतात, काही जण वळसा घालून निसटतात. वळसा घालणं कॉलेजला खपतं, वर खपत नाही, कारण तुम्ही वळसा घातलात की तुमची गॅप (तुम्ही सांभाळायची फट) उघडी.

आणि टॅकलच्या आकड्यावर कधीच जाऊ नका. सीझनला १२० टॅकल ऐकायला भारी वाटतं, पण रनिंग बॅकने सात यार्ड काढल्यावर मागून धरला तरी टॅकल मोजलाच जातो. कुठे धरला ते बघा.

कम्बाइनचे आकडे

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन नावाची पोरांची मोजमापं होतात, ४० यार्ड पळणं, उड्या, २२५ पौंडाचा बेंच प्रेस, सगळं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ४० यार्डच्या टायमाचं फार आकर्षण वाटतं, म्हणून हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. किक्ली ४.५८ सेकंद, वॉर्नर ४.६४, डॅरियस लेनर्ड ४.७०. आणि डेव्हिन बुश ४.४३, आयझेया सिमन्स ४.३९. पहिले तिघं ऑल-प्रो झाले. सिमन्सला २०२० ला कार्डिनल्सनी आठव्या पिकवर घेतला, क्लेम्सनला तो सेफ्टी, स्लॉट, लाइनबॅकर सगळं खेळायचा आणि लोकांना वाटलं एकात पाच खेळाडू मिळाले, पण एक धड काम त्याला कधी मिळालंच नाही आणि २०२३ ला सातव्या राउंडच्या पिकवर त्याला जायंट्सकडे पाठवून दिलं. अंगात काय नव्हतं त्याच्या? सगळं होतं. "हा काहीही खेळू शकतो" असं कोणी म्हणालं की मला तरी आता धास्तीच वाटते.

वेग नकोच असं नाही हं. फार हळू असेल तर टाइट एंडच्या मागे धावता येत नाही. पण एकदा पुरेसा आहे म्हटल्यावर पाव सेकंदावरून भांडू नका, डोळ्यांनी वाचणारा अर्धा सेकंद आधीच निघालेला असतो.

किंमत: खरा वाद इथे आहे

२०१२ चा ड्राफ्ट बघा. किक्ली ९व्यावर पँथर्सना, पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेयर. पण त्याच ड्राफ्टमध्ये यूटा स्टेटचा बॉबी वॅगनर सीहॉक्सना ४७व्यावर मिळाला आणि नेब्रास्काचा लवाँटे डेव्हिड बकेनिअर्सना ५८व्यावर.

२०१८ तर पाठच करून ठेवा. पहिल्या राउंडात चार ऑफ-बॉल लाइनबॅकर गेले, रोक्वान स्मिथ ८, ट्रेमेन एडमंड्स १६, लेटन व्हँडर एश १९, रशान एव्हान्स २२. मग ३६व्यावर लेनर्ड, जो त्याच वर्षी सर्वोत्तम डिफेन्सिव्ह रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) ठरला, आणि ७०व्यावर, तिसऱ्या राउंडात, फ्रेड वॉर्नर. त्या वर्षीचा सगळ्यात भारी लाइनबॅकर पाच जणांच्या नंतर गेला.

आता मघाचा पगाराचा मुद्दा आठवा. बाजारात चांगला एज रशर लाइनबॅकरपेक्षा कितीतरी महाग पडतो, पण ड्राफ्टमध्ये दोघं एकाच भावात. मग वरच्या पिकवर टीमला जास्त फायदा कशात? एजमध्ये. त्यात आणखी एक भानगड म्हणजे फिफ्थ-इयर ऑप्शन. पहिल्या राउंडच्या खेळाडूला टीम पाचव्या वर्षासाठी ठरलेल्या रकमेत ठेवून घेऊ शकते, पण ती रक्कम काढताना एज आणि ऑफ-बॉल दोघंही लाइनबॅकरच्याच खात्यात येतात, त्यामुळे आकडा फुगतो आणि टीम नको म्हणतात. २०२० च्या पहिल्या राउंडचे चार ऑफ-बॉल लाइनबॅकर, सिमन्स, केनेथ मरे, जॉर्डिन ब्रुक्स, पॅट्रिक क्वीन, चौघांचाही ऑप्शन त्यांच्या टीमनी घेतला नाही. ब्रुक्स आणि क्वीन वाईट खेळाडू नव्हेत, दोघांना दुसरीकडे चांगले पैसे मिळाले, पण ज्यांनी पहिला राउंड खर्च केला त्यांना चारच वर्षं मिळाली.

दुसरी बाजू पण तेवढ्याच जोरात मांडता आली पाहिजे. २०२३ ला लायन्सनी आयोवाचा जॅक कॅम्पबेल १८व्यावर घेतला तेव्हा खूप लोकांनी नावं ठेवली, फार वर घेतला म्हणाले, आणि पुढे त्यांच्या डिफेन्सचा कणा तोच झाला. रोक्वान स्मिथला बेअर्सनी २०२२ मध्ये रेव्हन्सकडे दिला आणि तिथे त्याला पाच वर्षांचे १० कोटी डॉलर मिळाले, म्हणजे ज्याला मधली जागा चालवणारा माणूस हवाय तो मोजतोच.

माझं मत विचाराल तर पहिल्या पंधरात ऑफ-बॉल लाइनबॅकर तेव्हाच, जेव्हा तो पहिल्या दिवसापासून हिरवा ठिपका घालू शकतो आणि तिन्ही डाउनला मैदानावर राहतो. नाहीतर तीसच्या पुढे थांबा. २०२४ ला तर पहिल्या राउंडात एकही ऑफ-बॉल गेला नाही, पहिला एजरिन कूपर, ४५व्यावर, पॅकर्सकडे.

दुखापतीबद्दल थोडक्यात. जेलन स्मिथचा गुडघा कॉलेजच्या शेवटच्या मॅचला गेला, तरी २०१६ ला काउबॉइजनी ३४व्यावर घेतला, पहिलं वर्ष पूर्ण बाहेर बसला आणि २०१९ ला प्रो बोलला (निवडक खेळाडूंच्या मानाच्या मॅचला) निवडला गेला. पेटन विल्सन बटकस अवॉर्ड आणि ४.४३ चा वेग असून गुडघ्यांच्या इतिहासामुळे २०२४ ला स्टीलर्सना ९८व्यावर मिळाला. टीमचे डॉक्टर जे बघतात ते आपल्याला दिसत नाही, म्हणून एखादा अचानक घसरला तर "सगळे मूर्ख आहेत" म्हणू नका.

आता सराव म्हणून एक जुना वाद घाला

२०१९, स्टीलर्स. रायन शेझियरला डिसेंबर २०१७ मध्ये मणक्याची भयंकर दुखापत झाली आणि डिफेन्सच्या मधोमध खड्डा पडला. ड्राफ्टमध्ये दोन वेगवान लाइनबॅकर, एलएसयूचा डेव्हिन व्हाइट आणि मिशिगनचा डेव्हिन बुश. व्हाइट पाचव्यावर गेला. स्टीलर्सचा नंबर २०. त्यांनी तो २०वा, दुसऱ्या राउंडचा ५२वा, आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राउंडचा पिक असे तीन ब्राँकोजना देऊन १०वा घेतला आणि बुशला उचललं.

आधी बाजूने बोला. गरज खरी होती, कामाला फिट बसत होता, आणि व्हाइट गेल्यावर त्या तोडीचा दुसरा दिसत नव्हता. पहिलं वर्ष पण छान गेलं. मग विरोधात बोला. तीन पिकची किंमत, आणि त्याच ड्राफ्टमध्ये जर्मेन प्रॅट ७२व्यावर बेंगल्सना, बॉबी ओकेरेके ८९व्यावर कोल्ट्सना, ड्रे ग्रीनलॉ चक्क १४८व्यावर फोर्टीनाइनर्सना मिळाला आणि तिघंही पुढे स्टार्टर झाले. २०२० मध्ये बुशचा गुडघा फाटला, नंतर तो पूर्वीसारखा दिसला नाही, ऑप्शन पण घेतला नाही. इथे एक पथ्य पाळा, दुखापत आधी कोणालाच माहीत नव्हती, तो मुद्दा वादात वापरायचा नाही. ट्रेडची किंमत मात्र त्याच रात्री माहीत होती, ती वापरा.

यंदा आपल्या टीमसाठी पण असंच करा. ड्राफ्टच्या आठवडाभर आधी तीन नावं लिहा आणि प्रत्येकाच्या पुढे कितव्या पिकपासून कितव्या पिकपर्यंत तो परवडतो ते लिहा, शेजारी त्या टप्प्यात मिळणारा दुसऱ्या पोझिशनचा एक खेळाडू लिहा. कोणी "याला घ्याच" म्हणालं की कागद पुढे करा आणि विचारा, याच्याऐवजी हा सोडायचा का? आणि पहिल्या राउंडात काही झालं नाही म्हणून टीव्ही बंद करू नका. शनिवारी पहाटे साडेचारला दुसरा राउंड लागतो, वॅगनर, डेव्हिड, वॉर्नर हे सगळे त्याच रात्री घेतलेले आहेत.